बीज दोघांचे, बोल एकटीलाच

निकाहला दीड-दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की आपल्या घरांत कुजबुज सुरू होते. आधी सासूबाई विचारतात, मग फुफी, मग शेजारची खाला. प्रश्न नेहमी एकीलाच विचारला जातो. तिच्यासाठी दुआ होते, तावीज येते, कुठल्या तरी गावच्या हकिमाचे चूर्ण येते. चार वर्षे गेली की 'बांझ' हा शब्द घरात हलक्या आवाजात फिरू लागतो आणि दुसऱ्या निकाहची गोष्टही निघते. तोवर नवऱ्याची एक साधी तपासणीसुद्धा झालेली नसते. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, पालकांच्या घरी जाणे-येणे असते. नगर शहरात आणि तालुक्यांच्या गावी असे चित्र अनेकदा पाहिले आहे.

यात दोष कुणाचा, हा प्रश्न जुनाच आहे. पण गेल्या तीस वर्षांत विज्ञानाने त्याखालचा एक वेगळा प्रश्न बराच उलगडला आहे. बाईच्या शरीरात बीज तयार होते ते कुणाच्या हुकमाने? या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दिले. त्याचा एक मोठा पुरावा आपल्या शेजारी, फलटणच्या मेंढ्यांत सापडतो. हे समजून घेतले तर घरातल्या लेकीसुनांकडे पाहण्याची नजर बदलेल, असे आम्हाला वाटते.

शिल्लक जन्माआधीच ठरते

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. बऱ्याच ठिकाणी तो घाईने उरकला जातो. मराठीत ज्याला स्त्रीबीज म्हणतात त्याला उर्दूत बैज़ा म्हणतात. नाव कुठलेही घ्या, मुलांना यातली एक गोष्ट हमखास चकित करते. पुरुषाच्या शरीरात बीज वयात आल्यापासून रोज नवे तयार होत राहते. बाईचे तसे नाही. तिची सगळी बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात.

पाचव्या महिन्याच्या सुमारास मुलीच्या गर्भात साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी त्यांतली दहा ते वीस लाख उरतात. मुलगी वयात येते तेव्हा तीन-चार लाख. पुढे दर महिन्याला बीजांचा एक गट वाढीला लागतो, त्यांतले सहसा एकच पूर्ण पिकून बाहेर पडते आणि बाकीची तिथेच विरून जातात. साऱ्या आयुष्यात बाहेर पडणारी बीजे असतात चारशेच्या आसपास. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे शिल्लक हजाराच्या खाली गेली की पाळी थांबते.

म्हणजे आज आपल्या मांडीवर खेळणारी नात ज्या बीजापासून वाढली, ते बीज तिची आई नानीच्या पोटात होती तेव्हाच तयार झाले होते. त्या बीजाची जडणघडण, ते किती काळ झोपून राहणार, कधी जागे होणार, यातले बरेच काही जनुकांनी ठरवलेले असते. जनुक म्हणजे पेशीत लिहिलेली सूचना. बहुतेक सूचनांच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून आलेली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

उंदरांनी काय सांगितले

बाईच्या अंडाशयात काय चालते ते गर्भावस्थेपासून उघडून पाहता येत नाही. उंदरात ते जमते. उंदराची मादी साधारण वीस दिवसांत विते, पिल्लू सहा ते आठ आठवड्यांत वयात येते आणि दर चार-पाच दिवसांनी तिची बीजे पिकतात. तिचीही बीजे आईच्या पोटातच तयार होतात आणि तिच्या बहुतेक जनुकांना माणसात जोड सापडते. १९८० च्या दशकात उंदराचे एखादे ठरावीक जनुक निकामी करण्याची रीत शास्त्रज्ञांच्या हाती आली; तिच्यासाठी २००७ मध्ये तिघांना नोबेल मिळाले. एक सूचना खोडायची आणि काय बिघडते ते पाहायचे, अशी ही पद्धत. घरातला एकेक फ्यूज काढून कुठला दिवा विझतो ते पाहावे, तसे.

१९९६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे जीडीएफ-९ नावाचे जनुक असे निकामी केले गेले. बीज एका पेशींच्या वेढ्यात वाढते. हे बीज आणि त्याभोवतीचा वेढा मिळून जी पिशवी होते तिला डॉक्टर फॉलिकल म्हणतात. सोनोग्राफीच्या कागदावर हा शब्द अनेक भगिनींनी वाचला असेल. या उंदरिणींमध्ये बीजे होती, पण वेढ्याचा एकच थर तयार होऊन वाढ तिथेच थांबली. एकही बीज पिकले नाही. त्यावरून कळले की बीज नुसते वाढवून घेत नाही. ते स्वतःच भोवतीच्या पेशींना वाढण्याचा निरोप धाडते. हा निरोपच गेला नाही तर पुढचे सारे अडते. त्याच जातीच्या नरांना मात्र काहीच झाले नाही, त्यांना पिल्ले झाली. घरातल्या मुलांचे संसार फुलावेत आणि मुलीचा अडावा, तोही एकाच सूचनेमुळे, हे असे घडू शकते.

२००३ मध्ये बोस्टनमध्ये फॉक्सो-३ या जनुकावर काम झाले. ते जनुक बीजांना झोपवून ठेवते. ते काढून टाकल्यावर साठ्यातली बीजे एकदमच जागी झाली. उंदरिणींना सुरुवातीला पिल्ले झाली, मग काही आठवड्यांतच शिल्लक संपली. महिनाभराचे धान्य आठवड्यात शिजवून टाकल्यासारखे. काही स्त्रियांची पाळी चाळिशीच्या आतच का थांबते, याचा एक धागा इथे मिळाला.

तिसरे जनुक स्टॅग-३. बीज तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या काही काळ एकमेकींना घट्ट बिलगून राहाव्या लागतात. त्यांना धरून ठेवण्याच्या कामात हे जनुक असते. ते नसलेल्या उंदरिणींच्या अंडाशयात जन्मानंतर लवकरच बीजे उरली नाहीत आणि नरही निर्बीज निघाले. या जनुकाकडे आपण पुन्हा येऊ, कारण ते आपल्या घरांतल्या एका चालीशी जोडलेले आहे.

साठा जन्मानंतर कधीच वाढत नाही का, यावर वाद आहे. मुंबईत परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. तिथे डॉ. दीपा भारतीया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अंडाशयात अतिशय लहान मूलपेशी असल्याचे आणि त्यांपासून बीज तयार होऊ शकत असल्याचे मांडले. जगातले अनेक शास्त्रज्ञ ते अजून मान्य करत नाहीत. वाद सुटेल तेव्हा सुटेल. तोवर डॉक्टर जो सल्ला देतात तो साठा मर्यादित आहे असे धरूनच देतात.

फलटणच्या मेंढ्या

उंदीर दूरचे वाटत असतील तर शेळ्या-मेंढ्यांकडे वळू. आमच्या जिल्ह्यात धनगरांचे कळप माळावर दिसतात आणि संगमनेरी शेळी तर संगमनेरचे नावच घेऊन हिंडते. दारात दोन शेळ्या बांधणाऱ्या आपल्या घरांतल्या बायांना पक्के ठाऊक असते की अमकी शेळी वेताला दोन करडे देते आणि तमकी एकच. चारा तोच, गोठा तोच. हा फरक कुठून येतो?

दख्खनी मेंढी सहसा वेताला एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची बुटकी मेंढी आहे. ती चिखलात चरते आणि वेताला दोन-तीन कोकरे देते. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, दौंड-बारामती ओलांडली की सातारा जिल्ह्यातले फलटण लागते. तिथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. त्यांची कन्या डॉ. चंदा निंबकर या इरावती कर्वे यांच्या नात. त्यांनी मेंढ्यांवर काम केले. १९९० च्या दशकात गरोळ मेंढे फलटणला आणून दख्खनी मेंढ्यांशी त्यांचा संकर सुरू झाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ सोबत होते.

ऑस्ट्रेलियाचा संबंध कसा, तेही ऐकण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या बुरुला नावाच्या मेंढीपालन क्षेत्रावर जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्यांचा एक वाण प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये त्याचे कारण सापडले. बीएमपीआर-१बी या जनुकात एका अक्षराचा बदल. पुढच्याच वर्षी दिसले की तोच बदल सुंदरबनच्या गरोळ मेंढीतही आहे. बंगालची देणगी समुद्रापार जाऊन तिथे ओळखली गेली, आणि तिची ओळख फलटणच्या कामाला आली.

हे जनुक करते काय? बीजाभोवतीच्या पेशींवर निरोप घेणारी एक जागा असते, दारावरच्या कडीसारखी. ती जागा या जनुकाच्या सूचनेने बनते. एका अक्षराच्या बदलाने निरोप थोडा वेगळा पोहोचतो आणि फॉलिकल लहान असतानाच पिकतात. म्हणून एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजे एकाच वेळी बाहेर पडतात. बदललेल्या सूचनेची एक प्रत असलेली दख्खनी संकरित मेंढी वेताला सरासरी एकाऐवजी दीडच्या आसपास कोकरे देते. रक्ताच्या तपासणीने हे आधीच कळते, त्यामुळे कुठला मेंढा ठेवायचा ते ठरवता येते. या मेंढ्यांना संस्थेने नारी सुवर्णा असे नाव दिले आणि धनगरांच्या कळपांतही त्या गेल्या. दोन प्रती आल्या तर तिळ्यांचे प्रमाण वाढते. कोकरे अशक्त होतात, आईचे दूध पुरत नाही. म्हणून माळरानावरच्या कळपाला एक प्रतच मानवते.

आता हेच जनुक उंदरात घ्या. २००१ मध्येच ते उंदरात पूर्ण निकामी करून पाहिले गेले. त्या माद्यांना पिल्लेच झाली नाहीत. एका अक्षराने मेंढी जुळी देते आणि तेच जनुक पूर्ण बंद पडले तर उंदरीण निपुत्रिक राहते. न्यूझीलंडच्या मेंढ्यांत बीएमपी-१५ नावाच्या दुसऱ्या जनुकाची अशीच गोष्ट आहे. बदललेली एक प्रत असेल तर जुळी जास्त, दोन्ही प्रती तशा असतील तर मेंढी वांझ. जिला जुळी झाली तिचे कर्तृत्व नाही आणि जिला झाले नाही तिचा गुन्हा नाही. मेंढपाळाला हे कळते, तो मेंढीवर रुसत नाही.

वडिलांकडून आलेली सूचना

बीएमपी-१५ माणसातही आहे. २००४ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी दोन सख्ख्या बहिणींची नोंद केली. दोघींची अंडाशये वेळेआधीच थांबली होती. तपासणीत बीएमपी-१५ मध्ये बदल सापडला. तो आला होता वडिलांकडून. आईची सूचना निर्दोष होती. वडील धडधाकट आणि दोन मुलींचे बाप! हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच असते आणि ते तो आपल्या प्रत्येक मुलीला देतो. त्याला स्वतःला बीज पिकवायचे नसते, म्हणून त्याच्या अंगी काहीच दिसत नाही. नाजूक एक्स नावाच्या दुसऱ्या आनुवंशिक बदलाची सौम्य आवृत्ती ज्या स्त्रियांत असते, त्यांच्यापैकी सुमारे वीस टक्के स्त्रियांची अंडाशये चाळिशीआधी थकतात; ती सूचनाही आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकते.

सुनेच्या बीजात दोष निघाला तरी तो कधी तिच्या बापाकडून आलेला असतो. बापाला तो त्याच्या आईकडून मिळालेला असेल. कुणी तो मागून घेतला नव्हता. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे चुकीचे, कारण मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते, हे आता आपल्या घरांत बऱ्यापैकी पटले आहे. त्याच्या पुढची पायरी ही आहे.

आता स्टॅग-३ कडे. २०१४ मध्ये मध्यपूर्वेतल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नात्यात लग्न झालेल्या आईवडिलांच्या काही मुलींना पाळी येतच नव्हती. त्या बहिणींमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, जशा उंदरांत मुद्दाम बिघडवल्या होत्या. आई आणि वडील, दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत होती. एक प्रत चांगली असली की काम चालते, म्हणून दोघांना काही त्रास नव्हता. दोघांचे आजी-आजोबा एकच असले की तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, आणि तशी ती असेल तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते.

चुलत-मावस भावंडांत लग्ने आपल्यात होतात, तशी मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू समाजांतही आहे. अशी बहुतेक लग्ने सुखाची होतात, मुले निरोगी होतात; कुणाला घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने झाली असतील आणि कुणा मावशीची, फुफीची पाळी फार लवकर थांबली असेल, तर नवे नाते जोडण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. हुंडा, घर, नोकरी यांची चौकशी होते. हीही व्हावी.

२०२१ मध्ये एक मोठा अभ्यास झाला. सुमारे दोन लाख स्त्रियांच्या जनुकांवरून पाळी कोणत्या वयात थांबते त्याच्याशी जोडलेल्या २९० जागा सापडल्या. बीजातल्या डीएनएची मोडतोड झाली की ते बीज दुरुस्त करायचे की काढून टाकायचे, हे ठरवणारी जनुके त्यांत बरीच होती. उंदरांत अशा दोन जनुकांत फेरबदल केल्यावर त्यांचा प्रजननाचा काळ सुमारे पाव पटीने वाढला. माणसासाठी अजून असे औषध नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नये.

घरात काय करावे

जनुके हे एकच कारण नसते. गर्भनलिका बंद असणे, जननमार्गाचा क्षयरोग, थायरॉइड, पीसीओएस अशी बरीच कारणे आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर उपचार आहेत. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारणही, एकटे किंवा सोबतीने, असते. म्हणून तपासणी दोघांची आणि एकाच वेळी व्हावी. पुरुषाची वीर्यतपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त असते, आणि तीच सर्वांत शेवटी होते!

वर्षभर एकत्र राहून गर्भ राहिला नाही तर डॉक्टरांकडे जावे. बायकोचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे, कारण साठा थांबत नाही. पाळी चाळिशीआधीच थांबली किंवा महिनोन्‌महिने येईनाशी झाली तर तिला अशक्तपणा म्हणून टाळू नये. मूल हवे असो वा नसो, हाडे आणि हृदय यांच्यासाठीही उपचार लागतात. अशी अंडाशये लवकर थकण्याचे प्रमाण शंभर बायकांत एक, असे पूर्वीपासून मानले जाते. एएमएच नावाची रक्ततपासणी साठ्याचा अंदाज देते, बीजाचा दर्जा सांगत नाही. आकडा कमी आला म्हणून आशा संपली असे नाही आणि त्या कागदावरून सुनेचा निवाडा करू नये. कर्करोगाचे उपचार सुरू होण्याआधी तरुण मुलीच्या बीजांचे काय करता येईल हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या त्याच संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले. आता ही सोय जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे; दारावरचा नोंदणी क्रमांक पाहूनच आत जावे. दुसऱ्या कुणाचे बीज घेण्याचा सल्ला मिळाला तर पतिपत्नीने आधी आपसांत बोलावे, ज्यांच्यावर विश्वास आहे अशा आलिमांचे मत घ्यावे आणि मगच सही करावी. सही घाईने, सासऱ्यांच्या किंवा दिराच्या सांगण्यावरून होऊ नये.

दुआला आम्ही कमी लेखत नाही. हजरत जकरिया यांनी म्हातारपणी औलादीसाठी केलेली दुआ आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. ती दुआ नवऱ्याने स्वतः मागितली होती, बायकोला बोल लावून नव्हे. आपल्या घरात दुआ मागताना ती दोघांसाठी मागावी आणि दवाखान्याच्या बाकावर दोघांनी शेजारी बसावे. ज्या घरात सून एकटी बसते, तिथे सासूबाईंनी मुलाला सोबत धाडावे. त्यांनी सांगितले तर मुलगा जाईल, आणि 'बांझ' हा शब्दही त्या घरातून पहिल्यांदा त्याच बाहेर काढू शकतील.